कलादानचा मार्ग: दोन्ही टोकं तयार, मधला घाट बाकी

४ मे २०२३ रोजी कोलकात्याच्या श्यामाप्रसाद मुखर्जी बंदरातून एक मालवाहू जहाज म्यानमारच्या सितवेकडे निघालं. आत एक हजार टन सिमेंट होतं, म्हणजे पन्नास किलोच्या वीस हजार गोण्या. ९ मेला जहाजाच्या स्वागताला भारताचे बंदरमंत्री सर्वानंद सोनोवाल आणि म्यानमारचे उपपंतप्रधान ॲडमिरल टिन आँग सान सितवेच्या धक्क्यावर हजर होते. भारताच्या पैशातून बांधलेलं हे बंदर त्या दिवशी रीतसर सुरू झालं.

ज्या कामासाठी ते बांधलं, ते काम मात्र अजून सुरू व्हायचं आहे. सितवेला उतरलेला माल कलादान नदीने वर पलेटवापर्यंत न्यायचा, तिथून ट्रकने डोंगर ओलांडून मिझोरममध्ये आणायचा, अशी या प्रकल्पाची मूळ कल्पना. समुद्रावरचं बंदर झालं, नदीवरची जेट्टी झाली, मिझोरममधल्या रस्त्याचंही बहुतेक काम झालं. अडलंय ते पलेटवा ते मिझोरमच्या सीमेवरचं झोरिनपुई या सुमारे ११० किलोमीटरांवर. दोन देशांना जोडणाऱ्या प्रकल्पांबद्दल आपल्याकडे करार होतो त्या दिवशी भरपूर छापून येतं, पुढे काय झालं याचा माग फारसा कुणी काढत नाही. कलादानचा माग काढण्यासारखा आहे, कारण इथे पैसा होता, इच्छा होती, दोन्ही सरकारांची संमती होती. तरीही रस्ता पुरा झाला नाही.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

ईशान्य भारत उरलेल्या देशाला जोडला गेलाय तो सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्टीने. सर्वात अरुंद जागी ती जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे. एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला बांगलादेश, वर भूतान आणि त्याला लागून चीनच्या ताब्यातलं चुंबी खोरं. रेल्वे, महामार्ग, तेलाच्या वाहिन्या, सगळं या एवढ्याशा जागेतून जातं. २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीनची सैन्यं अडीच महिने समोरासमोर उभी होती, तेव्हा या पट्टीची काळजी दिल्लीतल्या खोल्यांतून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली.

फाळणीआधी हा प्रश्न नव्हता. आसामचा चहा आसाम-बंगाल रेल्वेने थेट चितगाव बंदरात जायचा. मिझोरम तेव्हा लुशाई टेकड्या म्हणून ओळखला जायचा आणि तिथला माल देमागिरीहून, म्हणजे आजच्या त्लाबुंगहून, कर्णफुली नदीतून होडीने चितगावला उतरायचा. १९४७ मध्ये मध्ये सीमा आली, १९६५ च्या युद्धानंतर उरलेसुरले मार्गही बंद झाले. तेव्हापासून कोलकात्याचा ट्रक ऐजॉलला जायचा तर आधी उत्तरेला सिलिगुडी, मग पूर्वेला गुवाहाटी, मग दक्षिणेला शिलाँग-सिलचर, असा दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा वळसा घालतो. पावसाळ्यात कुठे दरड कोसळली की पहिल्यांदा ऐजॉलच्या बाजारात भाव चढतात.

चितगाव जवळ होतं, पण त्या काळी बांगलादेश भारताच्या मालाला वाट द्यायला तयार नव्हता. म्हणून त्याला वळसा घालून म्यानमारमधून यायचं ठरलं. २ एप्रिल २००८ रोजी दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या. खर्च भारताने करायचा होता. मंजूर रक्कम होती ५३५.९१ कोटी रुपये.

एका गोणीचा प्रवास

आराखडा कागदावर फार सुंदर दिसतो. कोलकाता ते सितवे समुद्रातून ५३९ किलोमीटर, सितवे ते पलेटवा नदीतून १५८, पलेटवा ते झोरिनपुई रस्त्याने ११०, पुढे झोरिनपुई ते लॉंगतलाई मिझोरमच्या हद्दीत शंभरेक. बेरीज नऊशेच्या आसपास. दीड हजाराच्या वळशापुढे हा आकडा कुणालाही पटेल.

पण गोदीत चार दिवस काढलेला माणूस किलोमीटर नंतर मोजतो. माल किती वेळा वर-खाली होतो, हे तो आधी विचारतो. त्या वीस हजार गोण्यांमधली एक गोणी घेऊ. कोलकात्याला ती ट्रकमधून उतरून जहाजात चढली. सितवेला जहाजातून उतरली, आता तिला नदीच्या बार्जमध्ये चढवायचं. भारताने २०१७ मध्ये म्यानमारला जे सहा बार्ज दिले ते प्रत्येकी तीनशे टनांचे आहेत. म्हणजे एका बार्जमध्ये सहा हजार गोण्या, आणि एका जहाजाच्या मालाला चार खेपा. पलेटवाला बार्ज रिकामा करून माल ट्रकमध्ये. डोंगरी रस्त्यावर ट्रकला दहा टन वजन धरलं तर एका बार्जमागे तीस ट्रक, सगळ्या मालासाठी शंभर. सीमेवर कस्टमची तपासणी, तिथे गाडी बदलावी लागली तर आणखी एकदा उतरवणं आणि चढवणं. लॉंगतलाईला शेवटचं उतरवणं. प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी थोडी फूटतूट, आणि मे ते ऑक्टोबर धो धो पावसात सिमेंटसारखा माल झाकून ठेवायला प्रत्येक ठिकाणी कोरडं गोदाम.

हे अशक्य नाही. कंटेनर वापरले, ट्रकना सीमेपलीकडे सोडायचा करार झाला, तर यातली निम्मी उस्तवार कमी होईल. पण हा हिशेब पहिल्या दिवसापासून पुढ्यात हवा होता. परतीच्या मालाचाही हवा होता. २०११ च्या जनगणनेत मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. तिथे येणारा माल भरपूर, जाणारा थोडा. ट्रक आणि बार्ज जाताना रिकामे गेले, तर येणाऱ्या मालाला दोन्ही बाजूंचं भाडं सोसावं लागतं. आलं, बांबू, फळं या मालाला सितवेमार्गे कुठे गिऱ्हाईक आहे आणि तो टिकेल का, हे ठरवायला रस्ता पुरा होण्याची वाट पाहायची गरज नव्हती.

नदी उथळ निघाली, रस्ता लांबला

या प्रकरणाची गाठ मला इथे दिसते.

कलादान नदीची वाट गंमतीची आहे. ती म्यानमारच्या चिन टेकड्यांत उगवते, मिझोरममध्ये शिरते, तिथे छिमतुइपुई या नावाने राज्यातली सर्वात मोठी नदी म्हणून वाहते आणि पुन्हा म्यानमारमध्ये उतरून पलेटवा, क्यॉकतॉवरून सितवेला समुद्राला मिळते. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, नदी मिझोरममधूनच येते तर बोटीने थेट वरपर्यंत का जाऊ नये? कारण वर ती डोंगरातली नदी आहे. उतार, खडक, उन्हाळ्यात घोटाभर पाणी आणि पावसाळ्यात पूर.

पहिल्या आराखड्यात जलमार्ग पलेटवाच्याही वर, कलेटवाजवळच्या सेतप्यितप्यिनपर्यंत धरला होता. नदीतून २२५ किलोमीटर, मग रस्ता फक्त ६२ किलोमीटर. पुढे लक्षात आलं की त्या टप्प्यात वर्षभर बार्ज चालवण्याइतकं पाणी मिळणार नाही. मग जेट्टी खाली पलेटवाला आणली. जलमार्ग १५८ वर आला आणि रस्ता वाढत वाढत ११० च्या घरात गेला.

या बदलाने प्रकल्पाचा स्वभावच पालटला. आधी तो नदीचा प्रकल्प होता, शेपटाला थोडा रस्ता. आता घनदाट जंगलातला, ठिसूळ शेल आणि वालुकाश्माच्या डोंगरांतला, तीसहून अधिक पूल लागणारा रस्ता हाच त्याचा मुख्य भाग झाला. अशा वेळी सगळा क्रम नव्याने मांडायला हवा होता. मांडला गेला नाही. सितवेचं काम २०१० मध्ये सुरू झालं, बंदर आणि पलेटवाची जेट्टी पुढच्या काही वर्षांत उभी राहिली. रस्त्याचं कंत्राट मात्र २०१७ मध्ये निघालं. मधली सात वर्षं सोप्या कामांत गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित खर्च मंजूर केला तो २,९०४ कोटींचा, मूळ रकमेच्या पाचपटीहून जास्त.

बंदर आधी का झालं, हे समजण्यासारखं आहे. सितवेला शहर आहे, समुद्राने यंत्रं नेता येतात, काम डोळ्यांना दिसतं, उद्घाटन करता येतं. पलेटवा-झोरिनपुईला यंत्रं न्यायची तर एका बाजूने आधी मिझोरममधला रस्ता हवा आणि दुसऱ्या बाजूने नदीतून बार्जने बुलडोझर चढवायचा. मिझोरममधल्या रस्त्यालाही जमिनीची भरपाई, दरडी, स्वायत्त जिल्हा परिषदेची संमती यांतून वाट काढावी लागली. ही अडचण खरीच आहे, आणि तिथे उभं राहून काम केलेल्या अभियंत्यांबद्दल मला आदरच वाटतो. पण साखळीतली सर्वात अवघड कडी शेवटी ठेवली की बाकीच्या कड्या तोवर पडून राहतात. त्यांच्या देखभालीचा खर्च मात्र चालू राहतो.

करार ज्यांच्याशी झाला आणि रस्ता ज्यांच्या हद्दीत आहे

२००८ मध्ये करार झाला तेव्हा म्यानमारमध्ये लष्करी राजवट होती. २०११ नंतर सुधारणांचं सरकार आलं. २०१५ च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांचा पक्ष जिंकला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. एका रस्त्याच्या आयुष्यात एवढी सरकारं होऊन गेली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आज या मार्गाचा बहुतेक भाग ज्यांच्या ताब्यात आहे ती अराकान आर्मी ही बंडखोर सशस्त्र संघटना करारावर सह्या झाल्या तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तिची स्थापना एप्रिल २००९ ची, तीही पार उत्तरेला काचिन प्रांतात. म्हणजे आराखडा करणाऱ्यांना तिचा अंदाज आला नाही, असा ठपका ठेवणं अन्यायाचं होईल. सितवेच्या राखाइन आणि पलेटवाच्या चिन प्रांतांत म्यानमारच्या केंद्र सरकारचा शब्द फार खोलवर चालत नाही, एवढं मात्र तेव्हाही ठाऊक होतं. त्यामुळे काम रेंगाळेल तितका धोका वाढणार, हे गणित धरायला हवं होतं. आपल्याकडे उशीर झाला की आपण खर्च किती वाढला ते मोजतो. इथे उशिराने खर्चाबरोबर जमिनीचा मालकही बदलला.

ठिणग्या आधीपासून उडत होत्या. २०१९ च्या सुरुवातीला भारत आणि म्यानमारच्या लष्करांनी आपापल्या हद्दीत एकाच वेळी मोहीम काढली, तिचा एक हेतू या मार्गाचं रक्षण हाच होता. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पलेटवाहून क्यॉकतॉकडे बोटीने निघालेल्यांना अराकान आर्मीने पकडलं. त्यांत पाच भारतीय होते आणि म्यानमारचे एक खासदारही. दुसऱ्या दिवशी चार भारतीय सुटले. पाचव्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला होता. साठीचा माणूस, घरापासून दूर, दुसऱ्यांच्या लढाईत. प्रकल्पाच्या जोखमीच्या तक्त्यात अशा माणसाची ओळ कुठे असते, हा प्रश्न मला सोडत नाही.

१४ जानेवारी २०२४ रोजी पलेटवा अराकान आर्मीच्या हाती गेलं. वर्षअखेर राखाइनच्या सतरापैकी चौदा तालुक्यांवर तिचा ताबा होता. लष्कराकडे उरलेल्या तीनांत सितवे होतं, आणि जिथून चीनच्या युनानकडे तेल आणि वायूच्या वाहिन्या जातात ते क्यॉकफ्यूही. त्यामुळे चित्र असं झालं: बंदर एकाकडे, नदी आणि रस्ता दुसऱ्याकडे, आणि दोघांत युद्ध. त्यातही पलेटवा चिन प्रांतात आहे आणि चिन संघटनांना तिथे अराकान आर्मी मान्य नाही. मिझो आणि चिन एकाच रक्ताचे, तेव्हा हा वाद सीमेच्या अलीकडेही पोहोचतो.

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस मिझोरमचे राज्यसभा खासदार के. वनलालवेना सीमा ओलांडून पलीकडे गेले, अराकान आर्मीच्या लोकांना भेटले, रस्त्याची स्थिती पाहून आले. दिल्लीच्या शिष्टाचारात हे बसत नसेल. मला ते अत्यंत शहाणपणाचं वाटलं. रस्त्याच्या कडेला जो उभा आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय रोलर पुढे जात नाही, हे कुठलाही साइट इंजिनिअर सांगेल.

याच महिन्यात केंद्र सरकारने म्यानमार सीमेवरची मुक्त ये-जा बंद करायची आणि १,६४३ किलोमीटरच्या सीमेला कुंपण घालायचं जाहीर केलं. तोवर सीमेलगतच्या लोकांना दोन्ही बाजूंना सोळा किलोमीटरपर्यंत व्हिसाविना जाता येत होतं. अमली पदार्थ, शस्त्रं, मणिपूरमधला हिंसाचार ही कारणं हलकी नाहीत. पण मिझोरमने याला ठाम विरोध केला, आणि व्यापाराच्या बाजूने पाहिलं तरी त्या विरोधात तथ्य आहे. झोरिनपुईच्या पलीकडे रस्ता टिकवायचा तो तिथल्या गावकऱ्यांच्या भरवशावर. त्यांच्याच रोजच्या वाटेवर जाळी लावायची आणि त्यांनीच आपल्या ट्रकची राखण करावी असंही म्हणायचं, हे एकत्र कसं जमणार?

दरम्यान, आगगाडी पोहोचली

कलादानच्या वेळीच आणखी एक काम मंजूर झालं होतं: बैराबी ते सैरांग रेल्वे, ५१.३८ किलोमीटर. ४५ बोगदे, शंभर मीटरहून उंच खांबांचा पूल, सगळा डोंगरच डोंगर. हे कामही रखडलं, खर्च आठ हजार कोटींवर गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये पुलाचं काम चालू असताना गर्डर उभारायची यंत्रणा कोसळून वीसहून अधिक मजूर दगावले, त्यातले बहुतेक बंगालमधल्या मालदाचे. पण १३ सप्टेंबर २०२५ रोजी हा मार्ग खुला झाला आणि ऐजॉलच्या वेशीपर्यंत आगगाडी आली. दुसऱ्याच दिवशी आसामहून पहिली मालगाडी निघाली. तिच्या एकवीस वाघिणींत काय होतं? सिमेंट.

सितवेच्या धक्क्यावर उतरलेल्या त्या गोण्या आठवतात. उत्तर मिझोरमला सिमेंट आता रुळांवरून येणार, आणि कलादानचा मूळ व्यापारी हिशेब याने बदलला. दक्षिणेचे लॉंगतलाई, सियाहा हे जिल्हे सैरांगपासून अजून लांब आहेत, त्यांना समुद्राची वाट आजही कामाची आहे. सिलिगुडीची पट्टी कधी अडलीच तर दुसरा मार्ग म्हणूनही ती हवी, कारण ही नवी रेल्वेसुद्धा सिलिगुडीवरूनच येते. बांगलादेशचा पर्यायही बेभरवशाचा ठरला. १२.२४ किलोमीटरच्या आगरताळा-अखौरा रेल्वेचं उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ ला झालं, आणि नियमित गाड्या सुरू होण्याआधीच ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यातलं सरकार गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने २२,८६४ कोटींचा शिलाँग-सिलचर द्रुतगती मार्ग मंजूर केला, तो कलादानला पुढे जोडायचा विचार आहे. आतल्या रस्त्याला बावीस हजार कोटी मिळतात तेव्हा सीमेपलीकडचे ११० किलोमीटर अर्धवट सोडून देण्यात काहीच शहाणपण नाही.

मग आता?

जुलै २०२५ मध्ये सोनोवाल यांनी २०२७ पर्यंत कलादान पूर्ण चालू करण्याचं उद्दिष्ट सांगितलं. तारीख पाळली जावी अशी मनापासून इच्छा आहे. पण संपूर्ण साखळी एका दिवशी सुरू करायचा हट्ट सोडला तर आजही बरंच काही करता येईल.

सितवे बंदराला आज स्वतःच्या पायावर उभं राहू द्यावं. तिथला कारभार इंडिया पोर्ट्स ग्लोबल पाहते. न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर आणि कांडला बंदर यांनी मिळून ही कंपनी काढली, मुळात इराणमधल्या चाबहार बंदरासाठी. परक्या देशातल्या अस्थिर बंदरात गुदाम, क्रेन आणि गिऱ्हाईक कसं सांभाळायचं याचा अनुभव तिच्यापाशी आहे. राखाइनचा तांदूळ आणि मासळी, कोलकात्याचा आणि चितगावचा किनारी व्यापार, एवढ्यावर धक्का निदान हलता राहील. मिझोरमच्या मालाची वाट पाहत तो गंजू नये.

दुसऱ्या टोकाची गोष्ट अधिक बोलकी आहे. म्यानमारच्या लष्कराने राखाइनची नाकेबंदी केल्यावर तिथे औषधं, इंधन, मीठ, तेल यांची टंचाई झाली. तेव्हा माल कुठून गेला? मिझोरममधून. लॉंगतलाईकडून झोरिनपुईच्या बाजूने, अर्धवट कच्च्या रस्त्याने, मग नदीने पलेटवाकडे. आराखड्यात माल समुद्राकडून डोंगरात यायचा होता, प्रत्यक्षात तो डोंगरातून खाली गेला. या व्यापाराला सरकारी नोंद, मोजका कर, औषधांची तपासणी आणि सीमेवर एक नीट चालणारं कस्टम ठाणं मिळालं, तर तो चोरटा राहणार नाही. पलीकडच्या गावांचा या रस्त्यात स्वतःचा मीठमिरचीचा स्वार्थ तयार होईल, आणि कुणाचंही सरकार आलं तरी तो टिकेल.

रस्त्याचं उरलेलं कामही झोरिनपुईकडून दहा-दहा किलोमीटरचे टप्पे पाडून करावं. टप्पा पुरा झाला की तो त्याच दिवशी रहदारीला खुला करावा, खडीचा असला तरी, आणि पुढचा पूल ठरवण्याआधी त्या पट्ट्यातल्या खुमी, चिन आणि राखाइन गावांशी बसून बोलावं. भरपाई त्यांना मिळावी, मजुरीही त्यांनाच. रस्त्याचं काम ज्या सरकारी कंपनीकडे आहे त्या इरकॉनचे अभियंते पावसाळा संपला की साधारण पाच-सहा महिनेच मोकळेपणी काम करू शकतात. नोव्हेंबरात नदीचं पाणी उतरायला लागतं, त्याआधी पलेटवाला डांबर आणि लोखंड बार्जने चढवून ठेवावं लागतं. तो नदीचा टप्पा आज अराकान आर्मीच्या हातात आहे, आणि बार्ज निघतात ते सितवेहून, लष्कराच्या हद्दीतून.